बाटलीच्या झाकणावरचं कुंकू

करोनाच्या आधी 'अँटिबॉडी' हा शब्द आमच्या सांगवीच्या सोसायटीत माझ्याशिवाय कुणाच्या तोंडी नव्हता. करोना आला आणि दुधाच्या पिशव्या आणायला खाली उतरलेले काकालोकसुद्धा एकमेकांना विचारायला लागले, "तुमच्या किती आल्या?" मला भारी राग यायचा. जन्मभर जी वस्तू मी तळहाताच्या फोडासारखी जपली, तिची चर्चा लोक भेंडीच्या भावासारखी करायला लागले म्हणजे काय! एकदा न राहवून शेजारच्या काकांना म्हटलं, "काका, माझ्याकडच्या अँटिबॉडी बाटलीत येतात आणि त्या सशाच्या असतात." काका दोन पावलं मागं सरकले. तेव्हापासून जिन्यात भेटले की नमस्कार लांबूनच.

तर ही सशाची भानगड आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मी चिंचवडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, आता निवृत्त आहे. रक्त-लघवी तपासणारी लॅब डोळ्यांसमोर आणू नका. आमच्याकडे यायच्या त्या गाठी. ऑपरेशनमध्ये काढलेल्या, सुईनं टोचून घेतलेल्या, मोठ्या, चिमुकल्या. त्यांचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, तो काचेवर घेऊन रंगवायचा आणि डॉक्टरांच्या मायक्रोस्कोपखाली सरकवायचा, हे माझं काम. साध्या रंगात गाठ कॅन्सरची आहे की नाही ते कळतं. पण तो कॅन्सर कुठल्या औषधाला दाद देईल, हे साधा रंग सांगत नाही. ते सांगायला अँटिबॉडी लागते.

स्तनाच्या कॅन्सरचं उदाहरण घेते, कारण पुढची हकीकत त्याचीच आहे. आपल्या पेशीला बाहेरून एक आवरण असतं. त्या आवरणावर एक प्रथिन असतं, त्याला आम्ही 'हर-टू' म्हणतो. असतं सगळ्यांच्याच अंगात, पण थोडं. काही बायकांच्या गाठीत मात्र ते तणासारखं माजतं. असा कॅन्सर चेवानं वाढतो. पण त्यातली चांगली गोष्ट अशी की, नेमकं याच हर-टूला धरून मारणारं इंजेक्शन निघालेलं आहे. हर-टू माजलेलं असेल तर ते द्यायचं, नसेल तर देऊन उपयोग नाही. आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सशाच्या शरीरात माणसाच्या हर-टूविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी त्या पापुद्र्यावर थेंबभर सोडायची. ती हर-टूला जाऊन चिकटते, दुसऱ्या कशाला हात लावत नाही. ती चिकटली तिथं नंतर तपकिरी रंग चढतो. पेशीपेशीभोवती तपकिरी कुंपण दिसलं की रिपोर्टात 'पॉझिटिव्ह'. नाही दिसलं तर 'निगेटिव्ह', आणि त्या बाईचं ते इंजेक्शन रद्द.

म्हणजे बघा, सगळं जग 'पॉझिटिव्ह' म्हटलं की घाबरतं, आणि आम्ही मात्र कधीकधी मनात म्हणायचो, होऊ दे बाई पॉझिटिव्ह.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, काय मोठमोठी यंत्रं असतील! आता आहेत. माझ्या वेळी आमच्याकडे प्रेशर कुकर होता. तुमच्या ओट्यावर आहे तसलाच, शिट्टीसकट. अँटिबॉडी सोडायच्या आधी ते पापुद्रे एका खास पाण्यात उकळावे लागतात, तेव्हा कुठं आतलं प्रथिन मोकळं होतं. घरी वरणाचा कुकर लावून यायचं आणि लॅबमध्ये दुसरा लावायचा. आमचे हे म्हणायचे, "कुकरच्या आधी तूच शिट्टी देतेस." खरं आहे. माझा स्वभाव तापट. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई लहानपणापासून म्हणायची, आणि लॅबमधल्यांनी त्यात काही बदल सुचवला नाही.

माझा सगळ्यात जास्त राग निघायचा तो बाटल्यांवर. गाठ शरीरातून बाहेर पडली की ती लगेच फॉर्मालिनमध्ये बुडाली पाहिजे. फॉर्मालिन म्हणजे नाकाला झोंबणारं, डोळ्यांतून पाणी काढणारं औषध. त्यात मांस आहे त्या स्थितीत थांबतं, सडत नाही. त्यात उशीर झाला किंवा ते कमी पडलं, की पेशी बिघडायला लागतात, आणि मग माझी अँटिबॉडी सशाची असो नाहीतर साक्षात ऐरावताची असो, तिला चिकटायला जागाच राहत नाही. पण लहान दवाखान्यांत गाठ नातेवाइकांच्याच हातात देतात. "हे लॅबमध्ये पोचवा." झालं. मग माणसं आपापल्या अकलेनं ती सांभाळतात. एका गृहस्थांनी आईची गाठ लोणच्याच्या बरणीत आणली होती, वर मूठभर मीठ. मी म्हटलं, "अहो, हे काय?" ते म्हणाले, "मिठात टिकतं ना!" आणखी एका आजोबांनी बाटली देवघरात ठेवली होती, तिथं सगळ्यात स्वच्छ असतं म्हणून. हसू नये, पण हसायला यायचं. त्यांच्या काळजीत खोट नसायची, तेवढं खरं.

लॅबमध्ये माझ्या जोडीला गायकवाड भाऊ होते. माझ्यापेक्षा थोडे लहान, बीडकडचे, हाताला अतिशय स्वच्छ आणि देवाधर्माचे पक्के. आपल्या पट्ट्यात खंडेनवमी म्हणजे काय असते, ते भोसरी-चाकणच्या माणसाला सांगायला नको. लेथपासून फोर्कलिफ्टपर्यंत सगळं धुऊनपुसून हार घातले जातात. गायकवाड भाऊंचं म्हणणं, आपलीही ती हत्यारंच आहेत. त्यामुळं आमच्या लॅबमधलं पापुद्रे कापायचं यंत्र, सेंट्रिफ्यूज, फ्रिज, कुकर, सगळ्यांना हळदीकुंकू. मी तक्रार करायची, "भाऊ, काचेवर कुंकवाचा कण उडाला तर डॉक्टरांना नवीन रोग सापडेल!" ते म्हणायचे, "ताई, आजच्या दिवस बोलू नका." मग नारळ फोडून, पेढे वाटून दुपारी शटर खाली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी.

त्या वर्षीही असंच झालं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काउंटरवर एक माणूस गाठीची बाटली घेऊन आला. नाव दत्ता. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर, राहायला चाकणच्या अलीकडच्या एका गावात. बायकोचं, सुरेखाचं, ऑपरेशन चाकणच्या एका लहान हॉस्पिटलात झालं होतं. कधी काढली गाठ, असं काउंटरवर विचारल्यावर तो म्हणाला, "कालच." कालच म्हणजे दसऱ्याला. आता आजार काही सणवार बघून येत नाही, त्यामुळं कुणी जास्त विचारलं नाही. आम्ही गाठ ताज्या फॉर्मालिनमध्ये घातली, तपासणीपुरते तुकडे घेतले, उरलेली गाठ नियमाप्रमाणे तिच्याच बाटलीत परत ठेवून बाटली मांडणीवर चढवली.

कॅन्सर आहे हे आधीच ठाऊक होतं. सर्जनला हवं होतं ते हर-टू. ते काय निघतं त्यावर सुरेखाचे पुढचे उपचार ठरणार होते. तिचं वय चाळिशीच्या आत, घरात दोन शाळकरी मुली. हे सगळं दत्तानंच काउंटरवर न विचारता सांगितलं होतं. माणसं सांगतात. आपण काही करू शकतो असं त्यांना वाटत असतं.

मी काप घेतले, कुकर लावला, अँटिबॉडी सोडली, रंग चढवला आणि काच आमच्या डॉक्टर मेघना मॅडमकडे दिली. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, पण मायक्रोस्कोपला डोळा लावला की म्हाताऱ्या माणसासारख्या सावकाश. मी त्यांच्या चेहऱ्यावरून निकाल ओळखायची. त्या दिवशी ओळखता येईना.

"अलकाताई," त्या म्हणाल्या, "जरा बघा हो. अगदी कडेला थोडा तपकिरी आहे, आत काहीच नाही."

"कडेचा धरायचा नसतो ना?"

"नसतोच. कडेला रंग असाही फसवा चढतो. नियमानं हे निगेटिव्हच. पण मला या पेशीच आवडत नाहीत. पाणी प्यायल्यासारख्या फुगल्यात."

तेवढ्यात सर्जनचा फोन आला. मॅडमनी त्यांना थांबायला सांगितलं. ते म्हणाले, थांबतो, पण फार नको, पेशंटला पुढची तारीख द्यायची आहे.

माझ्या डोक्यात एकच आलं, अँटिबॉडी गेली! ही वस्तू फ्रिजमध्ये ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. गोठली की बाद होते, फ्रीझरमध्ये ठेवलेल्या दह्यासारखी. दिसायला तीच, पण कामाची नाही. आणि खंडेनवमीला फ्रिज कुणी बंद करून धुतला होता? गायकवाड भाऊंनी. मी तडक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"भाऊ, फ्रिज धुतलात तेव्हा माझ्या बाटल्या कुठं ठेवल्या होत्या?"

"थर्माकोलच्या पेटीत, ताई. बर्फाच्या पिशव्या घालून."

"बर्फाला चिकटून? झालं! गोठल्या! कुणी सांगितलं होतं तुम्हाला फ्रिज धुवायला? एका बाईच्या औषधाचा प्रश्न आहे आणि तुम्हाला हार-तुरे सुचतायत!"

"ताई, मधे कापड घातलं होतं. आईशप्पथ."

"शपथा नका घेऊ माझ्यासमोर!"

सगळी लॅब ऐकत होती. भाऊंचे कान लाल झाले. मेघना मॅडमनी आतून हाक मारली, "ताई, आधी कंट्रोल बघा ना."

कंट्रोल म्हणजे काय ते सांगते. पेशंटच्या पापुद्र्याशेजारी त्याच काचेवर आम्ही आणखी एक पापुद्रा ठेवतो, ज्यात हर-टू माजलेलं आहे हे आधीच पक्कं ठाऊक असतं. दोन्हींवर एकच थेंब, एकच कुकर, एकच रंग. ठाऊक असलेला तुकडा तपकिरी झाला, तर अँटिबॉडी जिवंत. मी डोळा लावला. कंट्रोल असा ठसठशीत तपकिरी, पेशीन् पेशी कुंपणात. अँटिबॉडी ठणठणीत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे.

मी बाहेर आले तर गायकवाड भाऊ मांडणीवरून एक बाटली काढून माझ्याच टेबलाशी येत होते. दत्तानं आणलेली बाटली. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली आणि झाकणावर बोट टेकवलं. झाकणावर हळदीकुंकवाचं बोट उमटलेलं होतं, वाळून थोडं उडालेलं, पण स्पष्ट.

"हेही माझ्या नावावर घालाल, म्हणून आधीच सांगतो. हे मी लावलेलं नाही. पेशंटच्या बाटलीला मी कधी हात लावत नाही."

"तुमच्याशिवाय कोण लावणार, भाऊ?" मी सवयीनं म्हटलं.

"ताई, आपली पूजा खंडेनवमीला झाली. ही बाटली दसऱ्यानंतर आली. मी कसं लावणार?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडे नाही, तर त्या टर्नरच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीच्या पूजेत ही बाटली मांडलेली होती. म्हणजे गाठ दसऱ्याला काढलेली नव्हती. ती त्याच्या आधीपासून कुठंतरी पडून होती, आणि आम्हाला मात्र "कालच" म्हणून सांगितलं होतं. मी भाऊंना म्हटलं, "चुकलं माझं. मनापासून सांगते." ते म्हणाले, "ते नंतर. आधी त्या माणसाला बोलवा."

दत्ता शिफ्ट सोडून तसाच आला. कपड्यांना ऑइलचे डाग, हाताला लोखंडाचा कीस. मी त्याला आतल्या खोलीत नेलं, बाटली समोर ठेवली आणि विचारलं, "दत्ता, गाठ कधी काढली?"

"कालच म्हनलं ना, मॅडम, त्या दिशी."

"झाकणावर कुंकू आहे. वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा खंडेनवमीला होते, दसऱ्याला वर्कशॉप बंद असतं. मला खरं सांगा, नाहीतर तुमच्या बायकोचं औषध चुकेल."

तो खाली बसलाच. खुर्ची असून जमिनीवर.

"खंडेनवमीच्या सकाळीच काढली, मॅडम. डॉक्टर म्हनले, लगेच पोचवा. मी गाडीच्या डिकीत ठिवली. पन मालकानं सांगितलं हुतं, ज्यानं त्यानं आपापल्या मशीनची पूजा करून जायचं. म्हनलं वाटंतच हाय भोसरी, पाच मिंटात निघू. डिकी उघडली तर बाटली गळालेली. निम्मं औशद डिकीत. वास तर असला, डोळं उघडंना."

"मग?"

"मग भरलं."

"कशानं भरलं?"

"बॅटरीच्या पान्यानं. डिस्टिल वॉटर. वर्कशॉपमधी कॅन असतो ना. म्हनलं नळाचं नगं, ते घान. हे एकदम शुद्ध. बॅटरीला चालतं म्हंजे ह्यालाबी चालंल."

बॅटरीचं पाणी! डोक्याला हात लावला मी. फॉर्मालिन निम्म्यानं पातळ झालं आणि वर शुद्ध पाणी पेशींनी प्यायलं. मॅडमना दिसलेल्या फुगलेल्या पेशी याच. कडेला जेवढं औषध पोचलं तेवढ्यात रंग, आतला गाभा बाद.

"तिथून लगेच का नाही आणली?"

"आलो की! तुमचं शटर खाली. घरी न्यावी तर आई म्हनली, अंगातलं काढलेलं सनाला घरात नगं. मग परत वर्कशॉपमधीच ठिवली, माझ्या लेथच्या मांडनीवर. दसरा झाल्यावर घिऊन आलो. सांगायला भ्या वाटलं. म्हनलं, उशीर झाला म्हनून परत कापायला लावतील तिला. आधीच लई सोसलंय तिनं."

माझ्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. मी ते बोलूनही टाकलं. "अहो, एक फोन करता येत नव्हता? बॅटरी आणि बायको यात काही फरक आहे की नाही?" असं काय काय. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी मी विचारलं, "आणि हे कुंकू कुणी लावलं?"

"मालकीनबाईंनी. बाटली भरून मी पूजा हुईस्तोवर मांडनीवर ठिवली हुती. त्या ताट घिऊन फिरत हुत्या, मांडनीवरच्या समद्याला बोट लावत गेल्या. त्यास्नी काय म्हाईत बाटलीत काय हाय ते."

"मग पुसलं का नाहीत? पुसलं असतं तर आम्हाला पत्ता लागला नसता."

दत्तानं पहिल्यांदा वर बघितलं. "पुसावं वाटंना, मॅडम. तिचंच हाय त्यात. तिच्यावरलं कुंकू मी कसं पुसू?"

मी तोंड फिरवलं. रडू आलं, लपवत नाही. खिडकीपाशी जाऊन पदरानं डोळे पुसले आणि मग परत येऊन त्याला म्हटलं, "उठा आधी खाली बसलेले. आपल्याला रस्ता काढायचाय."

तोवर मेघना मॅडमही आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ऑपरेशनच्या आधी सुईनं तपासणी झाली असेल ना?" झाली होती. भोसरीच्याच एका छोट्या लॅबमध्ये. तिथं साध्या रंगात कॅन्सर सांगितला होता, हर-टू केलेलं नव्हतं, कारण ते ऑपरेशननंतर गाठीवर करायचं ठरलं होतं. म्हणजे सुईनं घेतलेला तो धाग्याएवढा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात तिथं असणार. तो वेळच्या वेळी फॉर्मालिनमध्ये गेला असेल, तर आमची आशा त्याच्यावर.

मॅडमनी त्या लॅबला फोन केला, ठोकळा आहे म्हणाले. मी दत्ताला सांगितलं, "घेऊन या. पण ऐका. तो मेणाचा आहे. ऑक्टोबरचं ऊन आहे. डिकीत ठेवाल तर माझ्याशी गाठ आहे."

तो परत आला तेव्हा हातात स्टीलचा डबा होता, भोवती ओलं फडकं गुंडाळलेलं. डब्यात डबी, डबीत कापूस, कापसात ठोकळा. एका हातानं गाडी चालवत, दुसऱ्यानं डबा छातीशी धरून आला होता म्हणे. ट्रॅफिक हवालदारानं अडवलं तर यानं सांगितलं, "साहेब, ह्यात माझी बायको हाय." हवालदारानं एकदा डब्याकडे बघितलं, एकदा याच्याकडे, आणि जाऊ दिलं. मला हे ऐकून हसावं की काय करावं कळेना.

आता खरी धाकधूक. तुकडा एवढासा. साध्या तपासणीत त्यातला बराचसा आधीच कापला गेलेला. ठोकळा यंत्रात तिरका बसला, पातं बोथट निघालं, तर उरलंसुरलं मेणाबरोबर भुगा होणार आणि परत मिळणार नाही. मी नवीन पातं लावलं. गायकवाड भाऊ शेजारी येऊन उभे राहिले, पंखा बंद केला, दार लावून घेतलं. वाऱ्यानं पापुद्रा उडतो. मी यंत्राचं चाक फिरवलं आणि पहिला काप आला, सलग. भाऊंनी तो ब्रशच्या टोकानं उचलून कोमट पाण्यावर तरंगत सोडला, मी खालून काच घालून उचलला. इतकी वर्षं आम्ही दोघांनी हे काम केलं, पण त्या दिवशीसारखं नाही. कंट्रोलचा तुकडा शेजारी बसवला. कुकर लावला. शिट्टी झाली तेव्हा दोघंही दचकलो.

काच मॅडमच्या हातात देऊन मी तिथंच उभी राहिले. एरवी मी जाते. त्या बघत होत्या. भिंग बदललं. परत बघितलं. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी खुर्ची मागं सरकवली आणि नुसतं म्हणाल्या, "बघा."

मी डोळा लावला. पेशीन् पेशी तपकिरी कुंपणात. कडेलाही, मधेही, सगळीकडे. कंट्रोल कुठला आणि सुरेखा कुठली, सांगता येऊ नये इतकी सारखी. माझा जीव भांड्यात पडला. मी मॅडमना मिठी मारली, मग गायकवाड भाऊंना मारायला निघाले तर ते हात जोडून मागं सरकले. "ताई, असू द्या, असू द्या." बाहेर बाकावर दत्ता बसला होता. मी त्याला ओरडूनच सांगितलं, "पॉझिटिव्ह आलंय, पॉझिटिव्ह!" बिचारा पांढराफटक पडला. त्याला वाटलं, आता सगळंच संपलं. मग मॅडमनी त्याला समोर बसवून समजावलं की याचा अर्थ औषध मिळणार. सर्जनना फोन गेला, आणि सुरेखाला ते इंजेक्शन लागू झालं. परत कापावं लागलं नाही.

गायकवाड भाऊंना मी दिवाळीत चकल्या नेल्या. ते म्हणाले, "एवढ्यानं भागायचं नाही, पुढच्या खंडेनवमीला नारळ तुम्ही फोडायचा." फोडला.

पण खरं सांगू? ही हकीकत मी लोकांना रंगवून सांगते, सगळे हसतात, आणि नंतर मला एकटीला जरा बरं वाटत नाही. मी इतकी वर्षं 'निगेटिव्ह' काचा डॉक्टरांपुढं सरकवल्या. बहुतेक खऱ्याच निगेटिव्ह असणार. पण त्यांतल्या कुठल्या बाटलीत कुणी काय ओतलं होतं, कुणी भीतीपोटी काय सांगितलं नव्हतं, ते मला कुठं ठाऊक? सगळ्यांच्याच झाकणावर कुंकू नव्हतं. त्या दसऱ्यानंतर मात्र आम्ही एक पद्धत पाडली. बाटली घेऊन येणाऱ्याला आधी खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं आणि मग विचारायचं, "वाटेत काही झालं का? झालं असेल तर सांगा, कुणी रागावणार नाही." मी काउंटरवर नसेन याची काळजीही घेण्यात आली. ते योग्यच होतं.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी सुरेखा आली. दत्ताबरोबर, त्याच गाडीवर. इंजेक्शनं संपली होती, तपासण्या चांगल्या आल्या होत्या. केस परत आले होते, आखूड, कुरळे, तिला स्वतःलाच त्यांचं हसू येत होतं. तोवर मी तिला पेशींखेरीज कधी बघितलं नव्हतं. बारीक अंगाची, मोठ्या आवाजाची बाई.

"ह्ये सांगत्यात तुमी माझं लई बघितलंय," ती म्हणाली. "मला बी दावा की."

मेघना मॅडमनी काच काढून लावली. सुरेखानं एक डोळा मिटून, तोंड वेडंवाकडं करत भिंगात बघितलं. बराच वेळ बघत होती.

"ही जाळीजाळी? ह्ये माझं?"

"तुमचंच."

"आनि आता?"

"आता तुमच्या अंगात कुठं दिसत नाही म्हणतात डॉक्टर. जे काही आहे ते या काचेवर, आणि त्या मेणाच्या ठोकळ्यात. तो ठोकळा तुमच्या मालकीचा आहे बरं का. भोसरीवाल्यांनी इथंच राहू दिलाय. पेशंटनं मागितला की आम्हाला द्यावा लागतो. पाहिजे असेल तर आज घेऊन जा."

सुरेखानं दत्ताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात वर करून मागं सरकली.

"नगं गं बाई! ठिवा तुमच्याकडंच. लई सांभाळलं मी त्याला, आता तुमी सांभाळा."